तात्याचा उजवा हात

आधीच सांगते, या पानावरचे अनुभव मी आजवर फक्त टिंगल करायला वाचलेत. पांढरी साडी, पैंजणांचा आवाज, मागे वळून बघितलं तर कोणीच नाही... वाचायचं, हसायचं आणि नवऱ्याला फॉरवर्ड करायचं. शिवाय माझा धंदाच असा, की अशा गोष्टींवर विश्वास ठेवणं मला परवडत नाही. मी कळसूत्री बाहुल्या नाचवते. लाकडात जीव आला असं लोकांना वाटतं तेव्हा वर नऊ दोऱ्या असतात आणि त्या ओढून कोणाचं तरी मनगट दुखत असतं, हे मला बावीस वर्षं ठाऊक आहे.

तरीही हे लिहितेय. नाव मात्र देणार नाही, कंपनीचंही नाही.

बोरीवलीला मागाठाण्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आमचा गाळा आहे. एका बाजूला खोके बनवणारे, दुसऱ्या बाजूला लेथ मशीन, मध्ये आम्ही आणि आमच्या बाहुल्या. कंपनी चालवतात ते सर. लिहिणं, बसवणं, शाळांशी बोलणं सगळं तेच करतात. पण कंपनीचा खरा हात म्हणजे दाजीकाका. मूळचे मालवणकडचे, गिरणी बंद पडल्यावर सरांकडे आले आणि तीस वर्षं राहिले. बाहुल्या कोरायचे तेच आणि आमची मुख्य बाहुली, तात्या, नाचवायचे तेही तेच.

तात्या म्हणजे रिटायर्ड क्लार्क. धोतर, काळी टोपी, नाकावर चष्मा. सोसायटीत बिबट्या शिरलाय असं कळतं आणि हा शूरपणाच्या बाता मारत काठी घेऊन निघतो, असं ते नाटक. बिबट्या मागे उभा राहिला की तात्या उजव्या हाताने कपाळाचा घाम पुसायचा, मग बोटं चष्म्यासमोर धरून बघायचा, आणि कोणी पाहत नाही ना अशा बेताने हात हळूच धोतराला पुसायचा. बस, एवढंच. पण पोरं खुर्चीवरून खाली पडायची. एका दोरीवर हे तिन्ही कसं होतं, ते आम्हाला कोणालाच जमलं नाही. मी विचारलं की काका म्हणायचे, "ह्यां शिकवन येना नाय गो. हाताक येतला तेव्हा येतला."

बावीस वर्षांत माझ्या हाताला काय आलं? बिबट्याची शेपूट. झाडं. एका नाटकात चंद्र.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. बाहुलीच्या दोऱ्या नाचवणाऱ्याच्या मापाच्या असतात. उंची, कोपर, हाताची लांबी, सगळं बघून बांधतात. बाहुली दुसऱ्याकडे द्यायची तर जुना माणूस आपल्या हाताने नऊच्या नऊ गाठी सोडतो आणि पहिली दोरी नव्या माणसाच्या मापाने स्वतः बांधून देतो. कात्री लावायची नाही. कुठे लिहिलेलं नाही, पण कोणी मोडलेलंही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी काकांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, पायही ओढायला लागला. डॉक्टर म्हणाले, फिजिओथेरपी करा, बघू. तोवर दिल्लीच्या एका महोत्सवाचं पुढच्या वर्षासाठी बोलावणं आलं आणि सरांनी विचारलं, तात्या कोण करणार? मी हात वर केला. सर म्हणाले, "काकांकडे जाऊन रीतसर घेऊन ये."

काकांचं घर रिक्षाने पंधरा मिनिटांवर. गेले नाही. कारण ते 'थांब, मी बरा होतंय' म्हणाले असते, आणि मला थांबायचं नव्हतं. खूप थांबले होते मी. दुपारी सगळे जेवायला बाहेर गेल्यावर टेबलावरची कात्री घेतली आणि नऊ दोऱ्या कापल्या. माझ्या मापाच्या बांधल्या. सरांना सांगितलं, काकांनी दिला.

महिन्याभराने काकू त्यांना रिक्षात घालून गाळ्यावर घेऊन आल्या, सगळ्यांना भेटायचं म्हणून. सर तेव्हा वांद्र्याला मीटिंगला होते. काका थेट खुंटीकडे गेले. तात्या खुंटीवर होता, दोऱ्या वीतभर आखूड. डाव्या हाताने त्यांनी एक दोरी चाचपली. जुन्या दोऱ्यांची कापलेली टोकं तात्याच्या मनगटांना तशीच होती, मी आळसाने काढली नव्हती.

"कोणी कापल्यान?"

मनीषा, जी बिबट्या नाचवते, ती जमिनीकडे बघायला लागली. मी म्हटलं, "सरांनी सांगितलं, काका."

"बरा केल्यान," एवढंच म्हणाले आणि गेले. त्यानंतर त्यांनी सरांचा एकही फोन घेतला नाही. सर दोनदा घरी गेले, काकूंनी 'झोपलेत' सांगून परत पाठवलं. तीस वर्षांची सोबत माझ्या एका वाक्याने तुटली आणि मी शेजारी बसून चहा पीत होते.

आता मूळ गोष्ट. मुलुंडच्या एका शाळेचा हॉल, शनिवार, सकाळी साडेदहाचा शो. पडद्यामागच्या उंच फळीवर मी आणि मनीषा. बिबट्याचा प्रवेश सुरू झाला आणि तात्याच्या उजव्या हाताची दोरी माझ्या बोटाजवळ तुटली. मी स्वतः पाहिलं, टोक सळसळत खाली गेलं आणि तात्याच्या कोपराशी लोंबायला लागलं. पण प्रवेश चालू, थांबणार कसं? डाव्या हातावर निभावून न्यायचं ठरवलं.

आणि उजवा हात वर गेला.

सावकाश. कपाळावरून फिरला. मग चष्म्यासमोर थांबला. तात्याने मान जरा वाकडी करून बोटं बघितली — मान माझ्या दोरीवर होती, आणि मी ती हलवली नव्हती — आणि हात धोतराला पुसला. हॉल नुसता फुटला. हसू ओसरल्यावर पुन्हा एकदा. काका नेहमी दोनदाच करायचे. माझ्या हाताला ओढ नाही, वजन नाही, काही नाही. तात्या माझ्या हातात होता आणि मी त्याला नाचवत नव्हते. एवढं परकं मला कधीच वाटलेलं नाही.

पडदा पडल्यावर मनीषा म्हणाली, "अगं, तुटलीये ना ती? मग कसं केलंस?" एका टीचरने मोबाइलवर शूटिंग केलं होतं, त्यात ते लोंबणारं टोक स्पष्ट दिसतं. सर समोर बसले होते, त्यांनी तो व्हिडिओ न बघताच माझ्या पाठीवर थाप मारली, "झकास! आलं गं तुला शेवटी दाजीचं!" दोरीचं म्हणाले, नंतर तुटली असेल.

मी तशीच रिक्षा करून काकांकडे गेले. जवळजवळ वर्षाने. काकूंनी दार उघडलं आणि मी काही बोलायच्या आत सुरू झाल्या, "बरं झालं आलीस. आज सकाळी घाबरवलं बाई यांनी. तो मेलेला हात उचलला, मनगट कसं गोल गोल फिरवत होते... फिजिओवाली मुलगी इथेच होती. अकरा वाजत आलेले. ती म्हणाली, होतं असं कधीकधी, स्नायू उडतात. आता बघ, परत पहिल्यासारखा पडलाय."

काका पलंगावर उशीला टेकून बसले होते. हात चादरीवर. माझ्याकडे बघून, जड जिभेने पहिलं वाक्य बोलले ते असं —

"पोरां हसली मां?"

मी कोणालाच काही सांगितलेलं नव्हतं. मला रडू फुटलं. पलंगाजवळ बसून सगळं ओकले. दोऱ्या मी कापल्या, सरांना माहीतच नव्हतं, खोटं बोलले.

"माका म्हायत होता. सर असां करूचे नाय."

"मग सरांचे फोन का घेतले नाहीत, काका?"

"तू कधी येतंस, वाट बघी होतंय."

मी विचारलं, आज तात्याचा हात तुम्ही हलवलात का? त्यांनी डाव्या हाताने चादर सारखी केली. मी म्हटलं, डाव्या हाताने का होईना, एक दोरी माझ्या मापाने बांधून द्या. उद्या तात्याला घेऊन येते.

"आधी सरांक सांग. मगे बांधून देतलंय."

दुसऱ्या दिवशी सांगणार होते. मग वाटलं, दिल्ली होऊन जाऊ दे, आता सांगितलं तर सर तात्या काढून घेतील. दिल्ली झाली. तिथे लोक माझा हात बघायला स्टेजमागे आले. मग वाटलं, पुढच्या आठवड्यात. काकांना दुसरा झटका आला तेव्हा मी घाटकोपरला शो करत होते.

दोरीचं म्हणाल तर मी सगळं करून बघितलंय. तुटकी दोरी ठेवून, बाकीच्या दोऱ्या मुद्दाम गुंतवून, पंखा लावून. हात मेल्यासारखा लोंबतो. व्हिडिओ इंजिनियर भाच्याला दाखवला, तो म्हणाला मावशी, काहीतरी दिसत नाहीये आपल्याला. नीट दोरी असतानाही मला ते घाम पुसणं परत एकदाही जमलेलं नाही, आणि सर दर शोला म्हणतात, ते मुलुंडचं कर की गं. काय झालं ते मला आजही कळलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला कळलं तर सांगा.

काकांच्या बाराव्याला सर एका कोपऱ्यात खुर्चीवर बसून होते. मी पाणी द्यायला गेले तर माझा हात धरून लहान मुलासारखे रडले. "तीस वर्षं गं... माझं काय चुकलं तेवढं तरी सांगायचं होतं त्याने. तुला काही बोलला होता का?"

मी म्हटलं, "नाही, सर. काकांचा स्वभावच तसा होता."