आतले नट

दसऱ्याला गाडीला हार घालता तेव्हा तुम्ही मान नेमका कोणाचा राखता, गाडीचा की आत बसणाऱ्यांचा?

असे प्रश्न विचारायची सवय मला घरातच लागली. बाबा एपीएमसी मार्केटात माथाडी होते. आमच्याकडे गोष्टींची पुस्तकं कमी आणि पत्रकं जास्त. युनियनची, हुंड्याविरुद्धची, बुवाबाजीविरुद्धची. जोडाक्षरं मी 'कष्टकऱ्यांनो' या शब्दावर गिरवली. दहावीनंतर मी देवापुढे हात जोडणं बंद केलं आणि तसं घरात जाहीरही केलं. आई कणीक मळत होती. ती म्हणाली, "बरं. नैवेद्याचं खाशील ना?"

थोरल्या भावावर पत्रकांचा काही परिणाम झाला नाही. दादा ऐरोलीत एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला आणि त्याने एक जुनी जीप घेतली. आधी ती उंच करून घेतली. एवढ्या उंच गाडीला मूळची चाकं किडकिडीत दिसतात, म्हणून मग मोठे, रुंद टायर आणले. ते बसवल्यावर स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर आत चॅसीला घासायला लागले. म्हणून स्पेसर आले. स्पेसर म्हणजे धातूची जाड चकती. ती आधी नटांनी गाडीला आवळायची आणि चाक तिच्यावर बसवायचं, म्हणजे चाक तेवढं बाहेर सरकतं. चाकाचे नट बाहेरून दिसतात. चकतीचे नट मात्र चाकामागे झाकले जातात आणि सगळा भार त्यांच्यावर असतो.

हे काम नवरात्रात तुर्भ्यातल्या एका गॅरेजात झालं. मी सोबत होते, कारण आईला आता जीपमध्ये चढायला स्टूल लागणार होतं आणि ते मला जवळच्या दुकानातून घ्यायचं होतं. मी गुलाबी प्लास्टिकचं घेतलं. मिस्त्री तुर्भे गावातलाच, दादापेक्षा थोडा मोठा. शेवटचं चाक चढवताना तो म्हणाला, "आता थोडी चालव न परत आन. चाकं काढून आतले नट पुन्ना आवलायचे हायत. नवा माल हाय, बसायला टाईम लागतो."

दादा "आणतो" म्हणाला. मग रोज ऑफिसला जीप नेली, एकदा पाम बीच रोडवर मित्रांना फिरवून आणलं, आणि गॅरेज उद्यावर जात राहिलं.

दसऱ्याच्या सकाळी आम्ही साताऱ्याकडे, गावी निघालो. बाबा आधीच गेले होते. आई पुढच्या सीटवर पुरणपोळ्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती आणि स्टूल माझ्या पायाशी होतं. मी नटांची आठवण करून दिली तेव्हा दादाने कुरकुरत जीप तुर्भ्याकडे वळवली.

गॅरेजचं शटर अर्धं वर होतं. दारात रांगोळी, आत लाल कापडावर नट आवळायचे पाने, जॅक, हातोड्या मांडलेल्या. मधोमध लांब दांड्याचा टॉर्क पाना, झेंडूची माळ घातलेला. नट ठरल्याइतका आवळला गेला की हा पाना 'टक' करतो. मिस्त्री पांढरा सदरा घालून, कपाळाला टिळा लावून बसला होता.

"आज नाय," तो म्हणाला. "पूजा मांडली. उद्या उत्तरपूजा झाली का मग हत्यार उचलनार."

"झालं तर मग," दादा म्हणाला. "गाडीलाही हार घातलाय. काय होत नाही."

मी म्हणाले, "हार नट धरतो का? गाडीत आई आहे. पुढे खंबाटकीचा घाट आहे."

"ए, सुरू झालं हिचं पत्रक."

मी मिस्त्रीकडे वळले. काम अर्धं ठेवून हत्याराची पूजा कसली, माणूस आधी की लोखंड, असं बरंच बोलले. त्याने ते शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, सभा आवडली. पन पाना उचलनार नाय."

माझा हात त्या माळेकडे गेला. मिस्त्रीने अडवलं नाही, मीच हात मागे घेतला. त्याचा पाना होता. दुसऱ्याच्या हत्याराला न विचारता हात लावू नये, हेही मी पत्रकवाल्या बाबांकडूनच ऐकलेलं. बाहेर दादाने जीप सुरू केली होती. आईने काचेतून मला हाक मारली.

"मग उत्तरपूजा आत्ताच करा," मी म्हणाले.

मिस्त्री हसला. "करतो. पन तुमी हात जोडायचे. देव मानत नाय ना तुमी? मग काय जातंय तुमचं?"

दादाने हे ऐकून इंजिन बंद केलं. त्याला हे बघायचंच होतं.

मी हात जोडले. मिस्त्रीने अक्षता टाकल्या, माळ काढून बाजूला ठेवली, पाना जरासा जागेवरून हलवला, नमस्कार केला आणि पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

जॅक लागला. आई स्टुलावर पाय ठेवून खाली उतरली आणि मग त्याच स्टुलावर बसली. पुढची दोन्ही चाकं निघाली. आतल्या नटांवर पाना ठेवला की लगेच टक. मागचं उजवंही तसंच. मागचं डावं चाक काढलं आणि मिस्त्रीने पहिल्या नटाला पाना लावला. तो फिरला. पुन्हा फिरला, टक झालंच नाही. शेजारचा तर मिस्त्रीने बोटांनी फिरवून दाखवला.

दादाने वाकून तो नट स्वतः फिरवून पाहिला. "बाहेरून तर घट्ट होतं," तो म्हणाला.

मिस्त्रीने सगळं आवळलं, पाना पुसला, परत लाल कापडावर ठेवला आणि माळही नीट घातली. मग माझ्या हातावर खोबरं-साखर ठेवली. मी खाल्ली. जीपमध्ये चढताना आई म्हणाली, "आता शहाण्यासारखी वागायला लागलीस." आम्ही दुपारी सावकाश घाट चढलो आणि संध्याकाळी सोनं वाटायला गावात होतो.

माझी मतं बदललेली नाहीत. पूजा एक दिवस थांबली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं, असं मी आजही लिहीन.

तुमच्या गाडीला स्पेसर लावले असतील आणि नंतर चाकं काढून कुणी आत पाहिलं नसेल, तर हे वाचून झाल्यावर गाडी गॅरेजात न्या. चारही चाकं उतरवा, आतले नट पान्याने आवळून घ्या, आणि तोवर कुणाला गाडीत बसवू नका. तेवढ्यासाठी कुणी हात जोडायला लावले तर जोडा.