गुरुवारी आलेला निरोप

दोना मारिलाकला राग यायला फार काही लागत नाही, हे फोर्तालेझा शहरातल्या सगळ्या सर्विलुझ वस्तीला ठाऊक आहे. समुद्रावरचा वारा जरा जास्त सुटला तरी ती त्यालाही दोन शब्द सुनावते. पण यंदा जानेवारीत तिला जो राग चढला, तो उतरायचं नाव घेईना, कारण तो तिच्या पोटच्या पोरीवर होता.

मारिलाक पोहण्याचे कपडे शिवणाऱ्या एका कारखान्यात मशीनवर बसते. तिचा नवरा वाल्देसी बंदरावर मालाच्या बोटी रिकाम्या करून आता घरी बसला आहे. त्यांची एकुलती एक मुलगी तार्सिला बीच व्हॉलीबॉल खेळते, आणि हौसेपुरतं नाही, तर पोटासाठी. तिच्याबरोबर खेळायची ती जोझी. जोझीची आई साओ पावलोला घरकामाला म्हणून गेली आणि तिकडचीच झाली. तेव्हापासून ही पोर मारिलाकच्या घरात वाढली. बाहेरच्या खोलीत भिंतीला ती झोपायची त्या झुल्याच्या दोन कड्या अजून आहेत. शाळेत असल्यापासून दोघी एकत्र वाळूत लोळल्या, मग राज्यात जिंकल्या, मग देशभर फिरल्या. दोघींचे खेळायचे कपडे मारिलाक एकाच कापडातून शिवायची.

तार्सिला उंच, म्हणून ती नेटपाशी हात वर करून उभी. जोझी बुटकी, म्हणून ती मागे, वाळूत सूर मारून पडलेले चेंडू उचलायला. समोरच्या जोडीला उंच मुलीची धास्ती असते, त्यामुळे प्रत्येक सर्व्हिस यायची ती जोझीवर. उन्हात, वाऱ्यात, वर्षानुवर्षं तिच्यावरच. "मावशी, सगळ्यांचा जीव माझ्यावरच आहे," असं म्हणून ती हसायची आणि कोपरातली वाळू झटकायची. वर्तमानपत्रात फोटो मात्र तार्सिलाचा यायचा, हवेत उडी मारलेला.

आता ह्या खेळाची रीत सांगितली पाहिजे, कारण ऐकून कुणाच्याही तळपायाची आग मस्तकात जाईल. जानेवारी आला की जोड्या फुटतात. कालपर्यंत एका ताटात जेवणाऱ्या मुली आज नेटच्या दोन बाजूंना दिसतात. पण कुणी कुणाला सोडलं, असं कुणी म्हणत नाही. म्हणतात, प्रोजेक्ट संपला. लग्न मोडताना माणसं निदान भांडी तरी आपटतात, इथे गळ्यात गळा घातलेला जुना फोटो टाकून एकमेकींना शुभेच्छा देतात. मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो तो दोघींच्या गुणांची बेरीज करून. त्यामुळे जिला सोडलं ती अर्धी उरते आणि पुन्हा पहाटेच्या पात्रता फेरीपासून सुरुवात करते. आणि ह्या सगळ्याला व्यवसाय म्हणायचं.

जानेवारीतल्या त्या गुरुवारी तार्सिला रिओला शिबिरात होती. गुरुवार म्हणजे खेकड्यांचा दिवस. फोर्तालेझात त्या दिवशी दुसरं काही शिजत नाही. जोझी नेहमीसारखी आपल्या खोलीवरून आली, पाटावर खेकडा ठेवून लाकडी हातोडीने नांगी फोडत बसली. कोपरापर्यंत हात नारळाच्या रसाने माखलेले. तेवढ्यात फ्रीजवर ठेवलेला तिचा फोन वाजला. तार्सिलाचा आवाजी निरोप होता.

"मावशी, लावा जरा," जोझी म्हणाली, "माझे हात बघा."

मारिलाकने आपल्या बोटाने बटण दाबलं. ह्या गोष्टीबद्दल ती स्वतःला अजून माफ करत नाही, खरं तर तिचा त्यात काही दोष नाही.

"जोझी, बरी आहेस ना? ऐक, मी खूप विचार केला. आपला प्रोजेक्ट इथे संपला असं समज. यंदा मी बेत्तिनाबरोबर खेळणार आहे, कोचचं म्हणणं आहे की उंची हवी. मनाला लावून घेऊ नकोस, हा व्यवसाय आहे. तू मला बहिणीसारखीच आहेस. देव तुझं भलं करो."

 मग जोझीने हातात फोडून ठेवलेल्या नांगीतलं मांस नीट काढलं, मारिलाकच्या ताटात ठेवलं, लिंबाने हात धुतले आणि काम आहे म्हणून निघून गेली. त्यानंतर ती गुरुवारची आली नाही.

मारिलाकने लेकीला फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते ऐकवलं. माझ्या चुलीवर जेवून मोठी झालेली पोर, ती प्रोजेक्ट? बहिणीला असं यंत्राच्या तोंडून हाकलतात? तार्सिला म्हणाली की आई, तुला ह्यातलं कळत नाही, सगळे असंच करतात. हे सगळे कोण, ते मारिलाकला बघायचंच होतं. वाल्देसी मध्ये पडला, खेळ आहे, चालायचंच म्हणाला, तर त्याला आठवडाभर शिळा भात मिळाला.

पुढे मार्चमध्ये फोर्तालेझातच स्पर्धा लागली. तार्सिलाचा फोन आला की प्रायोजकाचे कपडे वेळेत येत नाहीयेत आणि जोडीचे कपडे सारखे नसले तर मैदानात घेत नाहीत, तेव्हा आई, दोन जोड शिवून देशील का.

"तुझा देते," मारिलाक म्हणाली. "तिचं माप माझ्याकडे नाही."

"माप पाठवते ना, आई."

"पाठवू नकोस. तुझ्याशिवाय माझ्याकडे एकच माप आहे, ते जोझीचं."

तार्सिलाने दुकानातून कपडे घेतले. बेत्तिना दक्षिणेकडची, दारातून वाकून शिरणारी, बोलायला गरीब मुलगी. तिच्यावर मारिलाकचा राग नव्हता. बोलावलं त्या घरी पाहुणी आली, तिचा काय दोष, असं ती म्हणायची, पण चहाला मात्र बोलवायची नाही.

जोझीला तोवर एक जोडीदार मिळाली होती, बाळंतपणानंतर पुन्हा खेळू लागलेली शाळेतली एक शिक्षिका. इतर सगळ्या जोड्या जमून गेल्यावर जी उरली ती. दोघी पात्रता फेरीतून वर चढत चढत आल्या आणि उपांत्य सामन्यात समोर कोण, तर तार्सिला आणि बेत्तिना. मारिलाक सकाळीच जाऊन बसली. सगळी वस्ती बघत होती की ही कुठे बसते, आणि ती जोझीच्या बाजूला बसली. वाल्देसी बिचारा मध्ये, जिन्यापाशी उभा राहिला.

बेत्तिना नेटपाशी आली होती, म्हणजे तार्सिलाला मागे जावं लागलं, जोझीच्या जागेवर. जोडीतली बुटकी आता ती. मग व्हायचं तेच झालं. जोझीने पहिली सर्व्हिस तार्सिलावर टाकली, दुसरीही, आणि सामनाभर एकही दुसरीकडे नाही. वारा धरून डाव्या खांद्याशी येणारा चेंडू तार्सिलाला कधीच जमला नव्हता. आजवर तो तिच्यापर्यंत कुणी येऊच दिला नव्हता. पहिला सेट ती हरली. दम लागून ती गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली आणि प्रेक्षकांत आईला शोधू लागली. मारिलाक दिसली, पण चुकीच्या बाजूला.

न्याय वगैरे झाला असता तर ही गोष्ट सांगायला बरी वाटली असती. पण बेत्तिनाचे हात फार वर पोचत होते. पुढचे दोन्ही सेट त्यांनी घेतले आणि संध्याकाळी अंतिम सामनाही जिंकला. मारिलाकला जोझी हरल्याचं वाईट वाटलं नाही. तिचं रक्त तापलं ते उपांत्य सामना संपल्यावर. नेटखालून हात मिळवताना तार्सिलाने बेत्तिनाकडे बघत जोझीला दोन बोटं दिली. फक्त दोन बोटं, आणि नजर दुसरीकडे. ते वस्तीने बघितलं आणि आईनेही बघितलं.

चषक घेऊन तार्सिला जवळ आली आणि तू कुणाच्या बाजूला बसली होतीस म्हणून तिने विचारलं.

"माझ्या ओळखीची माणसं होती तिथे बसले," मारिलाक म्हणाली. "गुरुवारी जेवायला ये. एकटी ये."

मग ती जोझीच्या खोलीवर गेली. जोझी नको म्हणाली, उगाच घरात कटकट होईल म्हणाली. तू येत नाहीस म्हणून कटकट थांबलेली नाही, ह्या घराने तुझा काही गुन्हा केला असेल तर तो येऊन तोंडावर सांग, असं मारिलाकने तिला बजावलं.

गुरुवारी वाल्देसीने दोरीत गुंफलेले खेकडे आणले. तार्सिला आली आणि जोझीला बघून दारात जराशी थबकली. दोघी समोरासमोर बसल्या, पुढ्यात पाट आणि हातोड्या. मारिलाकने दोघींचे फोन काढून घेतले आणि फ्रीजवर ठेवले. पातेलं चुलीवरून उतरवलं, पण वाढलं नाही.

तार्सिला प्रवासाबद्दल बोलू लागली, वाऱ्याबद्दल बोलू लागली. मारिलाकने तिला मध्येच थांबवलं.

"तो निरोप तू यंत्राला सांगितलास. आता तिला सांग."

"आई, झालं ते झालं. तो व्यवसाय आहे."

"मग लाजायचं काय कारण? शब्द न् शब्द तसाच म्हण. मला पाठ आहे, चुकलीस तर सांगेन."

वाल्देसी खुर्चीवरून उठायला लागला. बसा, म्हणून मारिलाकने त्याला बसवलं. तार्सिला हसली, बरं म्हणाली, केस मागे सारले आणि जोझीकडे वळली.

"जोझी," ती म्हणाली, "बरी आहेस ना?"

निरोपात ह्यानंतर मध्ये श्वासही न घेता पुढचं वाक्य आलं होतं. तिथे उत्तर द्यायला कुणी नव्हतं. इथे जोझी होती. तिने हातातली हातोडी पाटावर ठेवली.

"नाही," ती म्हणाली. "बरी नाहीये गं, तार्सी."

पुढचं वाक्य तार्सिलाला येत होतं. ते तिच्या तोंडून निघेना. मारिलाकने खेकडे निवू नयेत म्हणून पातेल्यावर झाकण ठेवलं आणि लेकीकडे बघत उभी राहिली.