स्वच्छ आवाज

एक बोट वर, डोळे बंद, दुसरा हात माउसवर. "थांब... थांब... आता! फरक कळला का?"

लक्ष्मीबाई नगरात आमच्या वरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारे काका दर रविवारी सकाळी हा प्रश्न विचारायचे आणि मी दर रविवारी "नाही" म्हणायचे. नाही कळला तर नाही कळला! मला गाणं आवडतं हो, पण तीच चीज दोनदा वाजवून "आता बघ तबला कसा उघडला" असं म्हटलं तर मी काय बोलणार? समोरचे पंजाबी अंकल मात्र तोंडातला समोसा न गिळताच "वाह जी, बिल्कुल कमाल!" म्हणून मोकळे व्हायचे. काकू नुसत्या हसायच्या.

केंद्र सरकारच्या मंत्रालयात काका म्हणजे फायलीत मान घातलेले शांत गृहस्थ. घरी आले की शर्ट बदलायच्या आधी कॉम्प्युटर सुरू. आवाज दाबून लहान केलेल्या फायलींनी गाण्याचा जीव जातो म्हणून त्यांनी सगळा संग्रह मोठ्या, न दाबलेल्या फायलींमध्ये नव्याने जमवला होता. नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारातून एक काळी डबी आणली होती. कॉम्प्युटरमधल्या आकड्यांचं गाणं ती डबी करते, असं त्यांनी मला फार प्रेमाने समजावलं होतं. स्पीकर थरथरू नयेत म्हणून खाली हवाई चपलेचे तुकडे कापून लावले होते. चप्पल काकूंची, तीही नवीकोरी! ऐकताना फ्रिजची घरघर नको म्हणून तो बंद करायचे आणि नंतर सुरू करायला विसरायचे. "यांच्या गाण्यापायी माझं दही आंबतं," काकू सांगायच्या. असे छंदिष्ट तुम्हीही पाहिले असतील, आणि त्यांच्या बायकाही.

मग काकांची एक नवीच तक्रार सुरू झाली. "आवाजावर धूळ बसलीय गं. खुलत नाही." त्यांनी तारा बदलल्या, डबी बदलली. स्क्रीनवर उभ्या रेघांवर छोटे ठोकळे असतात बघा, जाड आवाजाचे एका बाजूला, बारीक आवाजाचे दुसऱ्या. त्यातले बारीक आवाजाचे ठोकळे ते वर सरकवत गेले. आज थोडे, पुढच्या आठवड्यात आणखी थोडे. सारंगी कानात घुसायला लागली. मी "काका, बोचतंय" म्हटलं की ते म्हणायचे, "तुला खऱ्या आवाजाची सवय नाही." झालं, विषय संपला.

जूनमधला एक रविवार. काकू, अंकल आणि मी ऐकायला बसलो होतो, तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, कूलर थांबला. कॉम्प्युटर आणि स्पीकर यूपीएसच्या बॅटरीवर होते म्हणून गाणं चालूच राहिलं. तो यूपीएस मात्र टेबलाखाली, काकांच्या अगदी पायाशी, टीं टीं करत ओरडायला लागला. काकांनी बोट वर केलं.

"अहाहा! पंखा बंद झाला आणि बघा, कसं स्वच्छ झालं! खोलीत दुसरा आवाज म्हणून नाही."

टीं. टीं. टीं.

अंकलनी माझ्याकडे पाहिलं, मी काकूंकडे. त्या दिवशी "वाह जी" काही निघालं नाही. काकू उठल्या, त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "अहो, यूपीएस ओरडतोय."

"कुठे?" काका वाकले. त्यांनी त्या डब्याला कान लावला. मग नुसतेच त्याच्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्याकडे बघत राहिले. गाणं अर्ध्यावर बंद करून ते आत निघून गेले.

त्याच आठवड्यात, डॉक्टरांकडून परत येताना, ते माझ्या दारात थांबले. वयामुळे बारीक आवाज गेलेत, ते आता परत यायचे नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"तू एकटी मला खूश करायला बोलत नाहीस. सांग, माझ्याकडे गाणं कसं वाजतं?"

"खरं सांगू? स्टीलच्या ताटावर चमचा घासल्यासारखं."

ते खो-खो हसले. हसता हसता एकदम थांबले. "अगं, पण ही? ही रोज संध्याकाळी माझ्या शेजारी बसून ऐकते. कधी एक शब्द बोलली नाही!" त्यांचे डोळे भरून आले. मी चहा टाकायला वळले, तर म्हणाले, "नको, आधी वर चल."

वर जाऊन त्यांनी काकूंच्या हातात माउस दिला. "तुझ्या कानाला बरं वाटेल तसं कर." काकूंनी कधी माउस धरला नव्हता. मी दाखवत गेले, त्या एकेक ठोकळा खाली ओढत गेल्या. सारंगी हळूहळू माणसात आली.

"बास, इथेच," काकू म्हणाल्या.

"इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकताना किती खूश दिसायचात! आणि मला कसला त्रास? मी कापूस घालून बसायचे कानात."

काकांनी कपाळावर हात मारला आणि आम्ही तिघंही हसत सुटलो. काकूंचं हसणं लवकर थांबलं, त्यांनी पदराने डोळे पुसले.

पुढे काकांनी कानाचं मशीन घेतलं. बोलण्यापुरतं ते ठीक, गाण्याचा मात्र पार सत्यानाश करतं म्हणायचे. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून दोघं मुलाकडे गुरुग्रामला गेले. वर आता दुसरं कुटुंब राहतं. रविवारची सकाळ आली की मला करमत नाही.

मध्यंतरी मेट्रोने जाऊन त्यांना भेटून आले. स्पीकरसमोर, जिथे आवाज सगळ्यात छान लागतो तिथे, काकांनी एकच खुर्ची ठेवली होती. तिच्यावर त्यांनी काकूंना बसवलं. स्वतः मशीन काढून खिशात टाकलं आणि स्पीकरकडे पाठ करून, काकूंकडे तोंड करून स्टुलावर बसले. तान वर वर चढत गेली, काकांना ऐकू येत नाही तिथपर्यंत. काकूंचे डोळे मिटले, हनुवटी किंचित वर गेली. त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बघत काकांनी दाद दिली, अगदी समेवर.