अण्णांचं उलटं पान

“पुढच्या वर्षी सिलिंडर वेळेवर मिळेल का?” माझ्या वडिलांनी मला हे विचारलं त्याला बरेच दिवस झाले. बेंगळूरच्या जयनगरात आमचं शेव-चकलीचं छोटं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे दोन कढया. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच, आणि माझी नोकरी तर जगातल्या तेल, कोळसा, गॅस आणि विजेच्या बाजाराचा अंदाज बांधण्याची. तरीही या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. आपल्याला काय माहीत नाही ते स्पष्ट सांगणं हाही आमच्या कामाचाच भाग आहे, असं मला ज्यांनी शिकवलं ते वेंकटराव मोहिते, म्हणजे आपल्या सगळ्यांचे अण्णा, यंदा पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत.

अण्णांची पहिली भेट बेळ्ळंदूरच्या त्यांच्या लहानशा ऑफिसात झाली. मी मुलाखतीला गेले होते. “गॅसचे भाव कुठे जातील असं तुम्हाला वाटतं?” त्यांनी विचारलं. समोर कितीही लहान माणूस असो, अण्णा अहो-जाहोच करतात. मी पाठ करून आलेलं सगळं बोलले. नवे गॅस प्रकल्प सुरू होत आहेत, सौर ऊर्जा स्वस्त होते आहे, बॅटऱ्या येत आहेत, त्यामुळे भाव उतरतील. शेवटी मी “पण” म्हणाले आणि पुढचं सुचलं नाही म्हणून थांबले. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. म्हणाले, “सरी.”

आम्ही पिढ्यान् पिढ्या बेंगळूरचे. आमच्या मराठीत हे कानडी ‘सरी’, म्हणजे ‘ठीक, बरोबर’, दिवसातून शंभरदा येतं. उत्तर बरोबर आलं असं समजून मी खाली उतरताच घरी फोन केला. नोकरी मिळाली, पण रुजू झाले त्या दिवशी अण्णांनी हसत सांगितलं, “मी सरी म्हणालो म्हणजे ऐकलं, एवढंच. बरोबर वाटलं असतं तर बरोबर म्हणालो असतो.”

“मग मला घेतलंत कशाला?”

“तुमच्या त्या ‘पण’च्या पुढचं ऐकायचं राहिलंय ना.”

त्या ‘पण’साठी अण्णांनी आमच्या प्रत्येक अहवालात एक पान राखून ठेवलं आहे. आम्ही त्याला उलटं पान म्हणतो. आमचा अंदाज कशाकशाने चुकू शकतो, ते त्या पानावर असतं, आणि ते खरोखरच उलटं छापलेलं असतं. वाचायचं तर अहवाल हातात फिरवावाच लागतो. ज्याने अंदाज लिहिला त्याने हे पान लिहायचं नाही, दुसऱ्याने लिहायचं, असा नियम आहे. एकदा छापखान्यातल्या सुपरवायझरांना ही चूक वाटली आणि त्यांनी सगळ्या प्रतींत ते पान सुलटं करून पाठवलं. वर फोन करून म्हणाले, “अण्णा, तुमची फजिती वाचवली बघा.” अण्णांनी त्यांना चहाला बोलावलं, आभार मानले आणि सगळ्या प्रती पुन्हा छापायला दिल्या.

यंदा हे पान राखणं अवघड झालं. मुख्य अंदाज अण्णांचा होता. वर्षाच्या उत्तरार्धात गॅस उतरेल, असं त्यांनी सविस्तर मांडलं होतं. उलटं पान माझ्याकडे आलं. मी लिहिलं की आखातातून येणाऱ्या जहाजांची चिंचोळी वाट युद्धाने अडली, तर हा अंदाज एका दिवसात निरुपयोगी होईल. एखाद्या मोठ्या देशात सरकार बदललं आणि निर्यातीचे नियम फिरले, तरी तेच. आपल्या व्हाइटफील्डसारख्या ठिकाणी उभ्या राहणाऱ्या संगणक केंद्रांची विजेची भूक कुणालाच नीट मोजता आलेली नाही. सूर्याची वीज दुपारी उतू जाते आणि संध्याकाळी, सगळ्यांना हवी तेव्हा, कमी पडते. आपल्याच गुरूच्या अंदाजावर लिहायचं म्हणून मी प्रत्येक वाक्यात एक ‘कदाचित’ घातलं होतं. अण्णांनी वाचलं आणि एवढंच म्हणाले, “मऊ लिहिलंय. धार लावा.”

अहवाल छपाईला जायच्या आधी आमचे सर्वांत मोठे ग्राहक ऑफिसात आले. होसूर रस्त्याकडे त्यांचा काचेचा कारखाना आहे. आपल्यातलेच, मराठी बोलणारे. त्यांना गॅसवरची नवी भट्टी घालायची होती आणि बँकेला आमचा अहवाल दाखवायचा होता. त्याच आठवड्यात आखातात जहाजं थांबल्याच्या बातम्या येऊ लागल्या होत्या.

“अण्णा, ते शेवटचं पान काढा असं मी फोनवर म्हणालो, तेव्हा तुम्ही सरी म्हणालात.”

“ऐकलं म्हणालो.”

“बँकवाले शेवटचंच पान आधी वाचतात हो.”

“मग बँकवाले हुशार आहेत.”

ते हसले नाहीत. “व्हाइटफील्डला एक कंपनी आहे. त्यांचं यंत्र चहा संपायच्या आत आकडा देतं. एकच आकडा. पण-बिण नाही. मी तिकडे जाऊ?”

त्यांच्याच कामावर आमचं निम्मं ऑफिस चालत होतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. अण्णा उठले, त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हणाले, “जरूर जा. पण त्यांना एक विचारा, आकडा चुकला तर भट्टी कोण विझवणार? काचेची भट्टी एकदा थंड झाली की आतली काच गोठून ती कायमची निकामी होते, हे तुम्हीच मला शिकवलंय.” कारखान्याचे मालक उठून गेले. ते अजून परत आलेले नाहीत. पान आहे तसंच छापलं गेलं. त्यानंतर अण्णांनी स्वतःचं मानधन थांबवलं आणि कुणालाही कामावरून कमी केलं नाही. हे त्यांनी आम्हाला सांगितलेलं नाही, आम्हाला कळलं. इथे लिहिल्याबद्दल ते रागावतील.

याच सुमाराला आमच्या दुकानात सिलिंडर दोनदा उशिरा आला. बाबा मला टोमणे मारू लागले. “जगाचं सांगतेस, आपल्या कढईचं सांग की.” अण्णांच्या कानावर हे गेलं आणि एका दुपारी ते रिक्षाने थेट दुकानात आले. बाबांनी स्टूल पुसून दिलं.

“साहेब, गॅसच ठेवू की विजेवर जाऊ? स्वस्त कुठलं पडेल?”

“मला माहीत नाही.”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “दोघांनाही माहीत नाही. सरी.”

अण्णा मोकळेपणाने हसले. मग त्यांनी विचारलं, “लाइट गेली तर काय करता?”

“थांबतो. गिऱ्हाइकाशी स्वल्प गप्पा मारतो.”

“आणि सिलिंडर आलाच नाही तर?”

बाबा झारा फिरवत राहिले. कढईतली शेव लाल झाली तरी त्यांनी ती काढली नाही. “दिवाळीच्या तोंडावर नाही आला तर कारागीर दुसरं काम धरतील. मग ते परत येत नाहीत. दुकान काउंटरवर नाही चालत साहेब, त्यांच्या हातावर चालतं.”

“मग स्वस्त कुठलं, हे नका विचारू. कुठलं चुकलं तर झेपेल, ते बघा,” अण्णा म्हणाले. ती करपलेली शेव त्यांनी मागून घेतली आणि खाल्ली.

पुढच्या अहवालापासून मुख्य अंदाज मी लिहावा आणि उलटं पान ते स्वतः लिहितील, असं अण्णांनी ठरवलं आहे. म्हणून आपण सगळे त्यांना दीर्घायुष्य चिंतताना मी त्यात थोडा स्वार्थही मिसळते. माझं लिहिणं खोडून काढण्याइतकी त्यांची नजर तीक्ष्ण राहो, “मऊ लिहिलंय” म्हणण्याइतका त्यांचा आवाज खणखणीत राहो, आणि माझे पुष्कळ अंदाज चुकलेले पाहण्याइतकी वर्षं त्यांना निरोगी मिळोत.

बाबांच्या प्रश्नाला मी “माहीत नाही” हेच उत्तर दिलं. मग विजेच्या जोडणीचा भार वाढवून घेतला आणि दोनपैकी एका कढईखाली विजेवरची भट्टी बसवली. दुसरी गॅसवरच ठेवली आहे. नव्या भट्टीवरचा पहिला घाणा काल निघाला. हा निर्णय माझा, म्हणून तो कशाने फसेल हे बाबांनी सांगितलं आणि मी उतरवून घेतलं. तो कागद कढईमागच्या भिंतीवर उलटा चिकटवला आहे.