गवताची दोरी

"आत पाय टाकलास तर तंगडं मोडीन, सांगून ठेवतो!"

"आबा, म्या पेइच्वान! डोळं गेलं का काय तुमचं?"

"डोळं शाबूत हायती, म्हणून तर अडवलं. राती कुठं निजलीस?"

"तालुक्याला. पावण्यांना आणाया गेल्ते, ठावं न्हाय व्हय तुम्हांस्नी?"

"कुणाच्या चुलीचं खाल्लंस?"

"हाटेलातल्या शेवया खाल्ल्या."

"मग झालं की. आज तू बी भाईरचीच."

नदीवरच्या कौलारू छपराच्या पुलाच्या तोंडाशी, दोन्ही खांबांना, गवताची दोरी आडवी बांधलेली होती. मधोमध हिरव्या पानांची जुडी लोंबत होती. दोरीच्या आत तिंग आबा काठी टेकून उभे, बाहेर शी पेइच्वान, आणि तिच्या मागं शहरातली चौदा माणसं टोप्या सावरत, फोन उगारून उभी.

दोरी कसली ते पेइच्वानला कुणी सांगायची गरज नव्हती. गाव झाडायचा दिवस. आबा घरोघर जाऊन मंत्र म्हणणार, एकूण एक चूल पाण्यानं विझणार, राखेच्या रूपानं आग गावाबाहेर नदीत सोडणार, मग नदीच्या वाळवंटात गारगोटीनं नवा विस्तव पाडून तो घरोघर न्यायचा. तोवर परक्याचं पाऊल आत पडलं की सगळं मुसळ केरात. पुन्हा पहिल्यापासून. हा दिवस येत्या परवाचा ठरला होता आणि पेइच्वाननं पाहुण्यांची सहल त्याच्या आधी बेतानं बसवली होती. पण काल रात्री एका घरात कढईतलं तेल पेटलं. घोंगडी टाकून विझवलं, तरी छताच्या दोन फळ्या काळ्या पडल्याच. आबांनी कोंबडा आरवायच्या आत निकाल दिला, आजच. तिला कळवायचं कुणाला सुचेतोवर तिची बस घाटाला लागली होती, आणि घाटात फोन लागत नाही.

"वैनी, धा येळा फोन केला गं!" आतून तिची जाऊ लान्यू ओरडली. "तुजा फोन हाय का दगूड?"

"दगूड असता तर आधी तुज्याच टकुऱ्यात घातला असता!"

दोन्हीकडच्या बाया खिदळल्या. पाहुण्यांना शब्द कळला नाही, पण तेही हसले. त्यांना वाटलं, हा खेळच असणार.

त्यांचं वाटणं चुकीचंही नव्हतं. दर खेपेला इथंच दोरी बांधून खेळ व्हायचा. आतल्या बाया गाण्यातून विचारायच्या, कोण तुम्ही, कुठले, कशाला आलात. पाहुण्यांनी कसंबसं उत्तर द्यायचं, शिंगातली तांदळाची दारू प्यायची, की दोरी सुटली. आतल्या बाजूचं पहिलं कडवं गेली अठरा वर्षं पेइच्वान उचलायची. तिचा आवाज पुलाच्या कौलांना लागून परत यायचा.

या सहली तिनंच गावात आणल्या. सोळाव्या वर्षी ती दक्षिणेला बुटांच्या कारखान्यात गेली होती. तळव्याला गोंद लावायचा, दिवसाला नऊशे तळवे. तिथल्या पोरी तिच्या बोलण्याची नक्कल करायच्या, म्हणायच्या, "डोंगरातली आली, तोंडात गारगोट्या घेऊन." ती गप्प बसून त्यांची भाषा शिकली, इतकी चोख की फोनवर कुणाला ओळखू येऊ नये. पाच वर्षांनी परतली आणि त्याच भाषेत, पण आता मुद्दाम डोंगरी हेल काढून, त्याच शहरातल्या माणसांना डोंगर चढायला लावलं. पहिल्या खेपेला तीनच आले. एकानं आंबवलेला मासा खाऊन ओकारी काढली, तर ही म्हणाली, "आमच्याकडं पहिल्यांदा समदेच ओकत्यात, दुसऱ्यांदा वाडगा चाटत्यात." तो खरंच दुसऱ्यांदा आला. आता चाळीस घरांत पाहुण्यांसाठी खोल्या होत्या. कारखान्याकडं निघालेल्या कितीतरी पोरी तिच्यामुळं मागं फिरल्या. हे ती कुणाला बोलून दाखवत नसे, पण चालताना मान जरा जास्त ताठ असायची खरी.

आणि आता फोन वाजला. सहलीच्या कंपनीचा मॅनेजर.

"पेइच्वानबाई, ड्रायव्हर सांगतोय गाव बंद आहे. हे काय?"

"आज गाव झाडत्यात साहेब. उद्या उघडंल."

"उद्या त्यांची परतीची गाडी आहे. अहो, गवताची दोरी ती! बाजूला करा आणि पाच मिनिटांत फिरवून आणा."

"गवताचीच हाय. लोखंडाची असती तर कवाच तोडून दाखवली असती."

मॅनेजरचा आवाज चढला. "मग ऐका. घाटापलीकडचं गाव कधीही उघडं असतं. आज यांना तिकडं नेतो, आणि पुढच्या यादीत तुमच्याऐवजी तेच गाव घालतो."

पेइच्वाननं गावाकडं पाहिलं. चाळीस घरं. खाली पाण्याचा आवाज येत होता, वर गावात एकेका छपरातला धूर विरत चालला होता. तिला दोरी उचलायला एक बोट पुरलं असतं. आबा तिला काठीनं मारणार नव्हते, हेही तिला ठाऊक होतं.

"न्या," ती म्हणाली, आणि फोन खिशात टाकला.

तेवढ्यात डोक्यावर गुणगुण सुरू झाली. छ्यान नावाच्या तरुण पाहुण्यानं ड्रोन उडवला होता. तो नदीच्या मध्यावर पोचला होता, वर पिवळा दिवा लुकलुकत होता. गावचा ढोल टांगलेल्या उंच मनोऱ्यापाशी पुरुष ओरडू लागले.

"खाली घ्या ते!" पेइच्वान शहरी भाषेत म्हणाली.

"मी इकडंच उभा आहे. आत फक्त कॅमेरा जातोय."

तिनं ते आबांना सांगितलं. आबांनी पान चघळत विचार केला. "त्याला इचार, तुझी कोंबडी शेजाऱ्याच्या परसात शिरली तर ती कोंबडी कुणाची?"

तिनं विचारलं. छ्यान हसला, पण रिमोटवरचं बोट मात्र पुढंच रेटत राहिला.

"आत गेलं तर दंड हाय," ती म्हणाली. "एक डुक्कर, समद्या गावाला पुरंल एवढा भात आन् दारू. डुक्कर खालच्या बाजारातनं तुम्ही सोता खांद्यावर घालून आणायचं. मी वाटंल तर त्याचं चित्रीकरण करते."

आता सगळेच पाहुणे हसले. छ्यानच्या बोटानं मात्र रेटणं थांबवलं.

"हसू नका," पेइच्वान म्हणाली. "ती वरची रांग दिसते? मी नऊ वर्षांची व्हते तवा तिथं त्रेसष्ट घरं व्हती. एका बाईनं जेवताना चुलीत जरा लाकूड जास्त घातलं. वाडगाभर भात खाऊन व्हायच्या आत त्रेसष्ट घरं गेली. तळ्यावर बांधलेली धान्याची कोठारं तेवढी वाचली, म्हणून आम्ही वाचलो. त्या वर्षी गाव झाडायचं राहून गेलं व्हतं. पूल दुरुस्तीला भाईरची माणसं गावात येत-जात व्हती, म्हणून."

छ्याननं ड्रोन माघारी वळवला. वाळूत उतरवून त्यानं तो पिशवीत कोंबला आणि पिशवीची चेनही लावून टाकली.

मग पाहुण्यांतल्या शू बाई, सेवानिवृत्त मास्तरीण, पुढं आल्या. "आम्हाला पलीकडच्या गावाला जायचं नाही. इथून दिसतं तेवढं बघू. चालेल का, विचारा त्यांना."

आबांनी पुन्हा पान चघळलं. "वाळवंट गावाबाहेर. तिथं कोण पावणा आन् कोण घरचा? बसू दे. पण खिशातल्या आगपेट्या, लायटर समदे टोपलीत टाका. आन् आमच्या कढईतलं ताटात घ्याल ते तिथंच संपवायचं. हाड सुदीक मागं न्यायचं न्हाय."

लायटर खणखणत टोपलीत पडले. शू बाईंनी पेइच्वानचा फोन मागून घेतला, स्पीकर लावला आणि मॅनेजरला मास्तरकीच्या आवाजात सांगितलं, "पत्रकात लिहिलंत, खरी रीत बघायला या. आम्ही बघतोय. आमची गाडी कुठंही वळवू नका."

मॅनेजरचा सूर उतरला. शेवटी म्हणाला, "बाईंना सांगा, पुढच्या वेळी तारीख आधी कळवा म्हणावं. गावाचं नाव यादीत राहील."

"आग तारीख सांगून येत न्हाय, म्हणावं," पेइच्वान म्हणाली, पण तोवर फोन बंद झाला होता. तिचे खांदे मात्र पहिल्यांदाच खाली आले.

दोरीच्या आतून लान्यूनं गाणं उचललं. चेष्टेचंच, पण सूर बरोबर होता: कोण गं तू, कुठल्या डोंगराची, आमच्या वाटेवर कशाला उभी? अठरा वर्षं हा प्रश्न पेइच्वाननं विचारला होता. उत्तर कधी दिलंच नव्हतं. घसा खाकरून तिनं ते दिलं, पलीकडच्या बाजूनं, पहिल्यांदाच: मी याच पाण्याची, माझी चूल तुमच्याच रांगेत, आज गाव धुतलंय म्हणून दारात थांबले. शेवटची ओळ कौलांवरून परत आली तशी आतल्या बाया म्हणाल्या, "वैनीचा आवाज भाईरनं जास्त गोड लागतो गं. हितनं पुढं भाईरच ठेवू!"

दोरी काही सुटली नाही. सुटायची नव्हतीच.

शेवटचा धूर विरला. चाळीस वर्षांच्या आयुष्यात पेइच्वाननं गाव बाहेरून असं कधी पाहिलं नव्हतं: दोनशे छपरं आणि धुराची एक रेघ नाही. पुरुषांनी विझल्या चुलींतली राख गवताच्या होडीत घातली, होडी प्रवाहाला लागली आणि वळणाआड गेली. मग सारं गाव पायऱ्यांनी उतरून, घोटाभर पाणी तुडवून वाळवंटात आलं. आबांनी गारगोटी मारली. चौथ्या ठिणगीला कापूस पेटला. पाहुण्यांत कुणीतरी टाळी वाजवली, शू बाईंनी त्याचा हात धरला.

लान्यूनं मडक्यात निखारे घेतले. "तुज्या चुलीत म्या ठेवते, वैनी. तू उद्या ये."

"जास्त लाकडं घालू नगंस."

"मला शिकवतीस व्हय?"

मोठ्या कढईत मांस रटरटत होतं. पेइच्वाननं बाह्या सारल्या, पाहुण्यांची डोकी मोजली, चौदा भरली, आणि मिरच्या चिरायला वाळूत बसली. "हातानं खायाचं," ती मान वर न करता शहरी भाषेत ओरडली, "आन् भाताचा गोळा घट्ट दाबा, न्हायतर समदा वाळूत जाईल!"