मिरची खाली ठेवायची

नातीला इंग्रजी शिकवायचं काम माझ्यावर आलं, कारण घरात दिवसा दुसरं कोणी नसायचंच. मुलगा आणि सून दोघंही कॉम्प्युटरच्या कंपनीत. सकाळी कंपनीची बस त्यांना घेऊन जायची आणि परत आणून सोडायची तेव्हा पोर पेंगत असायची. तिला सांभाळायला म्हणून मी बिबवेवाडीचं घर बंद करून वारज्याला त्यांच्या फ्लॅटवर आले होते. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही पेठेतल्या म्युनिसिपालटीच्या शाळेत.

मुलाने एक शाळा हेरली होती. तिथे लहानपणीच नंबर लागला तर लागला, पुढच्या वर्गात घेत नाहीत, असं तो म्हणायचा. आधी पोराचा इंटरव्ह्यू होतो. समोर वस्तू मांडतात, इंग्रजीत मागतात आणि पोराने उचलून द्यायच्या. हे त्याला खालच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं. त्यांच्या मुलाला ती शाळा मिळाली होती आणि ते त्या जिन्यात भेटेल त्याला ऐकवायच्या.

एका रविवारी मुलाने मला समोर बसवलं. पोरीला शिकवायच्या आधी मला शिकवणं भाग होतं.

"गिव्ह मी द स्पून. म्हणजे मला चमचा दे. गिव्ह आजी द बॉल. आजीला चेंडू दे."

"यात 'ला' कुठंय?"

"नसतो."

"मग कळायचं कसं, कोणाला काय द्यायचं ते?"

"जागेवरून, आई. दे म्हटल्यावर आधी घेणारा, मग वस्तू."

आपल्याकडे मला चमचा दे म्हणा, चमचा मला दे म्हणा, नाहीतर दे चमचा मला म्हणा, चमचा येतो. माणसाला एकदा 'ला' लावला की तो कुठेही उभा राहिला तरी चालतो. इंग्रजीत माणसाला काहीच लावायचं नाही. तो नुसता मधे उभा. जागा चुकली की संपलं. माझी चुकलीच. मी म्हटलं, "गिव्ह द बॉल बाबा."

मुलगा हसत सुटला. "आई, तू मला चेंडूच्या ताब्यात दिलंस."

सूनही हसली. मी उठून कुकर लावला. पण पोळ्या लाटताना तेच घोकत बसले. शो मी द नोज. ब्रिंग बाबा द शूज. गिव्ह आजी द कप. दुपारी पोरीला ओट्याशी उभी करून एकेक वस्तू मागायची. ती झटपट शिकली, माझ्यापेक्षा लवकर. फ्लॅटच्या भिंती पातळ, आमची शाळा सगळ्या मजल्याला ऐकू जायची. खालच्या बाईंनी मला जिन्यात गाठलं.

"काय आजी, ॲडमिशन नेमकी कोणाची, तुमची की नातीची?"

त्या दिवसापासून आधी खिडकी लावून घ्यायची आणि मग इंग्रजी बोलायचं. सगळा जन्म याच शहरात भाजीवाल्यांशी घासाघीस करताना माझा आवाज कधी खाली आला नव्हता.

इंटरव्ह्यूच्या दिवशी सुनेला रजा मिळाली नाही. पोर माझ्याशिवाय परक्या ठिकाणी बसत नसे, म्हणून मला न्यावं लागलं. रिक्षात मुलगा म्हणाला, "आई, तू तिथे काही बोलू नकोस हं."

"मी कशाला बोलू?"

खोलीत एक बाई होत्या. कापलेले केस, कपाळाला बारीक टिकली. टेबलावर टोपली, टोपलीत चमचा, चेंडू आणि प्लॅस्टिकची फळंभाज्या. बाईंनी चमचा मागितला, पोरीने दिला. बाबाला केळं द्यायला सांगितलं, तिने नेऊन दिलं. मुलगा माझ्याकडे बघून जरासा हसला. मला बरं वाटलं. मग बाईंनी हात पुढे केला.

"गिव्ह मी द चिली."

पोरीने बरोबर मिरची उचलली. बाईंच्या हाताकडे पाहिलं आणि मिरची टेबलावर ठेवली.

मला लगेच कळलं. मीठ आणि मिरची आमच्याकडे कोणाच्या हातात देत नाहीत. दिली तर दोघांत भांडण होतं. खाली ठेवायची, समोरच्याने उचलून घ्यायची. माझ्या आईने मला तसं शिकवलं आणि मी नातीला. घरी मिरची मागायचे तेव्हा तोंडाने इंग्रजी आणि बोटाने ओटा दाखवायचे. मला स्वतःला ते जाणवलंही नव्हतं.

बाईंनी पुन्हा मागितली, हात आणखी जवळ नेला. पोरीने मिरची एका बोटाने त्यांच्याकडे सरकवली.

"नो, नो. गिव्ह मी."

"हातात नाही," पोर म्हणाली. मराठीत.

बाईंनी मुलाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "ओके. गिव्ह आजी द चिली." पोर मिरची घेऊन माझ्याकडे आली. माझ्या पायाशी फरशीवर ती नीट ठेवली आणि शाबासकीसाठी माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मी खिडकीकडे बघितलं.

मुलगा इंग्रजीत भराभर काहीतरी बोलला. त्यातला एकच शब्द मला कळला, व्हिलेज. माझा जन्म नारायण पेठेतला. मग मला राहवलं नाही.

"अहो बाई, तिला सगळं कळतंय. मिरची हातात दिली की भांडण होतं, म्हणून ती खाली ठेवते."

"आजी, आमच्याही घरी हे पाळतात," बाई चांगल्या मराठीत म्हणाल्या. "पण इथे सांगितलेलं ऐकलं की नाही, एवढंच बघायचं असतं."

"मग टोमॅटो मागा की."

"आई!" मुलगा म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

बाईंनी काहीतरी लिहिलं. "पुढच्या आठवड्यात पुन्हा आणा. या वेळी हिच्या आईबरोबर."

परत रिक्षात बसलो. मग मीच म्हटलं, "व्हिलेज म्हणालास."

"मग काय म्हणायला हवं होतं?"

"पुण्यात जन्मले मी."

"ते सांगू? की पुण्यात जन्मलेली बाई मिरचीला घाबरते?"

पोर आमच्या मधे बसली होती. तिने माझा पदर ओढला. "आजी, मी खाली ठेवली होती ना?"

"हो."

"मग तुम्ही का भांडताय?"

रिक्षावाला हसला.

सुनेने रात्री सगळं ऐकून घेतलं. ती मला काही लागेल असं बोलली नाही, बोलली असती तर बरं झालं असतं. "आई, आठवडाभर तेवढं करून घ्याल का तिच्याकडून?" एवढंच म्हणाली. "ती तुमचंच ऐकते."

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकी लावली, घरातल्या भाजीच्या टोपलीतली हिरवी मिरची ओट्यावर ठेवली आणि मी स्वतः हात पुढे केला. "गिव्ह मी द चिली."

पोरीला वाटलं मी तिची परीक्षा बघतेय. तिने मिरची ओट्यावरच पुढे सरकवली आणि हसली.

"नाही. हातात दे."

"आजी, भांडण होईल."

"नाही होत. ते खोटं असतं."

हे मी म्हणाले. ज्या गोष्टीसाठी मी माझ्या सुनेला लग्नाच्या पहिल्या महिन्यात पाहुण्यांसमोर टोकलं होतं, ती मी चार वर्षांच्या पोरीला खोटी म्हणून सांगितली, आणि तेही स्वतः मुळीच खोटी न मानता. पोरीने मिरची माझ्या तळहातावर ठेवली. ठेवली आणि एक पाऊल मागे झाली. माझ्याकडे बघत राहिली, भांडण कधी सुरू होतंय म्हणून. मी म्हटलं, "शाब्बास." आठवडाभर रोज करून घेतलं. चौथ्या-पाचव्या दिवशी तिने माझ्याकडे बघायचं सोडलं.

सून रजा टाकून तिला घेऊन गेली. दुपारी तिचा मोबाईलवरून फोन आला. तेव्हा तो महाग पडायचा, म्हणून ती दोनच शब्द बोलली. "मिळाली, आई."

संध्याकाळी मुलाने पेढे आणले. खालच्या बाईंना द्यायला स्वतः गेला. पोर माझ्या मांडीवर बसून पेढा खात होती. मी हळूच विचारलं, "मिरची हातात दिलीस ना बाईंच्या?"

"मिरची मागितलीच नाही. चेंडू मागितला."

"आणि मिरची?"

"ती टोपलीतच होती," ती म्हणाली आणि दुसरा पेढा मागायला हात पुढे केला.