साहेबाने बायका मोजल्या

काल नातीने सुकेळ्यांचा पुडा सोडला आणि त्या गोडसर वासाने निर्मळ गावातलं शेठचं खळं आठवलं. राजेळी केळी सोलून आम्ही बायका तिथे उन्हात सुकवायचो; माझ्या आणि आईच्या मजुरीवर आमचं घर चालायचं. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी शेठला सुकवायचं यंत्र हवं झालं. गरीब देशांतल्या कारखानदारांना कर्ज देणारी कुठलीशी परदेशी बँक होती, तिचा साहेब खळं बघायला आला आणि बोटाने आम्हाला मोजू लागला. आई हरखली. "लुगडी वाटणार वाटतं!" "तुझ्या मापाचं विलायतेतही मिळायचं नाही गो," शेजारीण हसली. तरी आईने वाडीत घड उतरवणाऱ्या बायकांना हाका मारल्या, तापाने घरी पडलेल्या मावशीलाही आणून रांगेत उभं केलं. साहेबाने आकडा लिहिला. पुढच्या हंगामात यंत्र आलं आणि शेठने तिघी ठेवून बाकीच्यांना घरी पाठवलं. आई रडत त्याच्याकडे गेली तेव्हा तो म्हणाला, "यंत्राने जितक्या जास्त बायका कामावरून कमी होणार, तितकं कर्ज लवकर मिळणार होतं. रांगेत तुम्हीच उभ्या राहिलात." आई मरेपर्यंत म्हणायची, "मीच बोलावल्या गो सगळ्यांना." मी तिची समजूत घातली नाही. तिनेच बोलावल्या होत्या. काल नातीने दिलेलं सुकेळं मी खाल्लं. चांगलं होतं.